सिल्व्हर फॉक्स: उलटा हात फिरवा, केस उभेच!

काळ्याभोर अंगावर चांदीचा शिडकावा. सशांमधली माझी सर्वांत लाडकी जात! अमेरिकेतल्या ओहायो राज्यात वॉल्टर गारलंड यांनी ती घडवली. १९२५ मध्ये 'अमेरिकन हेवीवेट सिल्व्हर' म्हणून तिला मान्यता मिळाली, १९२९ मध्ये आजचं नाव.

🐇 खूण: शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवा. बहुतेक सशांचे केस आपोआप जागेवर बसतात. याचे मात्र सरळ हात फिरवेपर्यंत उभेच राहतात. प्रदर्शनात परीक्षक हे आवर्जून तपासतात.

🐇 पैदास: मादी साधारण ३१ दिवसांनी विते. काळ्या सशांची पिल्लं जन्मतः पूर्ण काळी असतात. चंदेरी केस चौथ्या आठवड्याच्या सुमारास डोकावतात आणि पूर्ण रंग चढायला काही महिने लागतात. म्हणून प्रदर्शनासाठी पिल्लू निवडताना घाई नको.

🐇 प्रदर्शन: डाव्या कानात गोंदलेला क्रमांक हवाच. मोठ्या सशाचं वजन साधारण ४ ते ५.५ किलो, अंग भरलेलं आणि चंदेरी छटा सगळीकडे सारखी पसरलेली असावी.

'द लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी' ही संस्था दुर्मीळ पाळीव जातींच्या जतनाचं काम करते, त्यात हा ससाही आहे. अशी जात टिकते ती पाळणाऱ्यांनी नीट नोंदी ठेवून, निवडून जोड्या लावल्या तरच. प्रत्येक चांगली वीण मोलाची!