पौषातला पाचोळा, चैत्रातली भाजी

भोगीच्या दिवशी ताटात पडणारी भाजी म्हणजे परसाचा सगळा हिशेबच असतो. वांगी, घेवडा, पावटा, गाजर, ओला हरभरा, बोरे आणि जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट आणि आसपासच्या गावांत, घरामागे चार हात जागा आणि न्हाणीचे सांडपाणी असेल तर जानेवारीत परस भरलेले असते. मेथी, पालक, कोथिंबीर, चाकवत यांना विकत आणावे लागत नाही. पण तीनच महिन्यांनी, पाडव्याच्या सुमारास, त्याच परसात बहुधा भेगाळलेली जमीन आणि वाळलेल्या काटक्या उरतात.

पाणी कमी पडते, हे खरेच. मात्र नुकसानीची सुरुवात त्याआधी, थंडीतच होते. मार्गशीर्ष-पौषात परस झाडले जाते. सीताफळाचा, बोरीचा, आंब्याचा पाला, निघालेल्या पिकांची धाटे, वाळके गवत असा ढीग कोपऱ्यात जमतो आणि संध्याकाळी त्याला काडी लावली जाते. ऊब मिळते, परस स्वच्छ दिसते. पण उन्हाळ्यात जमिनीला सावली देणारा आणि मुळांपाशी ओल धरणारा माल त्या शेकोटीत संपून जातो.

इथला कठीण ऋतू उन्हाळा

युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात बाग झोपते. बर्फ पडतो, जमीन गोठते आणि माळी वसंताची वाट पाहतो. बालाघाटाच्या पठारावर गणित उलटे आहे. इथे थंडी हाच भाजीपाल्याचा बहराचा काळ. वसंत येतो तो उन्हाचा चटका घेऊनच. जिल्हा पर्जन्यछायेत असल्याने पावसाची भिस्त जून ते सप्टेंबर या चार महिन्यांवर. पुढचे आठ महिने जमिनीत मुरलेल्या आणि विहिरी-बोअरमध्ये साठलेल्या पाण्यावर काढायचे असतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही आठवण या भागात अजून ताजी आहे. अशा ठिकाणी वसंतासाठी परसबाग तयार करणे म्हणजे चार महिन्यांच्या उन्हाशी सामना करायची तयारी. तिचा मुहूर्त थंडीतच असतो, कारण तेव्हा ओलही असते आणि पालाही.

भेगांमधून जाणारे पाणी

मराठवाड्यातली काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाणी मिळाले की फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून पावसाळ्यात पायाला चिकटणारी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. भेग पडली की बाष्पीभवन फक्त पृष्ठभागावरून होत नाही, खोलवरची ओलही वर निघून जाते. भेगा पडताना बारीक मुळे तुटतात, ते वेगळेच.

उन्हाळ्यात या भागात उघड्या भांड्यातले पाणी दिवसाला साधारण दहा मिलिमीटरने खाली जाते. एक चौरस मीटर जागेत एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. म्हणजे एवढ्याशा उघड्या पाण्यातून रोज दहा लिटर हवेत. ओल्या, उघड्या वाफ्याची गतही पाणी घातल्यानंतर लगेचच्या तासांत फारशी वेगळी नसते. घरातून कळशीने आणलेले पाणी झाडापर्यंत पोहोचण्याआधीच निम्मे वाटेला लागते.

यावर उपाय आच्छादनाचा. जमिनीवर दोन ते तीन इंच पाल्याचा थर असला की ऊन थेट मातीवर पडत नाही, वारा मातीला लागत नाही आणि ओल टिकते. माती थंड राहिल्याने गांडुळे व सूक्ष्मजीव वरच्या थरात काम करत राहतात. खात्री करून घ्यायची असेल तर एक सोपा प्रयोग आहे. शेजारी-शेजारी दोन सारखे वाफे घ्यावेत, एकावर पाला पसरावा, दोन्हींना सारखेच पाणी द्यावे. तिसऱ्या दिवशी दोन्हींत बोट खुपसून पाहावे.

पाला कमी असेल तर सोयाबीनचे भुसकट, तुरीचा पाला, उसाचे पाचट चालते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते, तो दुसरा हप्ता. आच्छादन पसरताना दोन गोष्टी पाळाव्यात. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी, नाहीतर खोड कुजते. आणि थर घालण्याआधी वाफा खुरपून, पाणी देऊन घ्यावा. कोरड्या जमिनीवरचे आच्छादन कोरडेपणच झाकून ठेवते.

राख खत आहे, पण इथे नाही

‘पाला जाळला तरी राख मातीतच जाते’ असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. पाला जळतो तेव्हा त्यातला कर्ब आणि बहुतेक नत्र हवेत जाते. उरते ती मुख्यतः चुना आणि पालाश असलेली राख. आम्लधर्मी मातीला ती उपयोगी पडते. मराठवाड्यातल्या जमिनी मात्र आधीच अल्कधर्मी व चुनखडीयुक्त आहेत. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते सहज घेता येत नाही. पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते याचेच लक्षण. त्यात राखेची भर घातली तर अडचण वाढते.

दुसरा प्रश्न धुराचा. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्या वरची हवा उबदार असते. या उलट्या थरामुळे धूर वर न जाता वस्तीवरच तरंगत राहतो. त्यातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. दमेकरी, लहान मुले आणि वृद्ध यांना त्याचा त्रास लगेच जाणवतो. ढिगात प्लास्टिकच्या पिशव्या असतील तर धुरात विषारी वायूंचीही भर पडते. प्लास्टिक वेगळे काढणे हे परस साफ करण्यातले पहिले काम असायला हवे.

शेण, पाला आणि चार महिने

भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे. खवा म्हणजे दूध, दूध म्हणजे जनावरे आणि जनावरे म्हणजे शेण. पाला आणि शेण हे कंपोस्टचे दोन्ही घटक इथे घराजवळच मिळतात. वाळक्या पाल्यात कर्ब भरपूर, नत्र कमी. शेण, हिरवा पाला, भाजीची देठे यांत नत्र जास्त. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असे मिश्रण मानवते. घरगुती हिशेबात वाळक्या पाल्याचे दोन-तीन थर आणि ओल्या मालाचा एक थर, मध्ये शेणकाल्याचा शिडकावा.

तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा एका कुटुंबाला पुरतो. मूठभर माल पिळला तर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. पहिल्या आठवड्यात ढिगात हात घातला तर चांगली ऊब जाणवते. जिवाणू कामाला लागल्याची ती खूण. ढीग तापला की रोगजंतू आणि तणांचे बी बरेचसे मरते. दोन-तीन आठवड्यांनी माल खालीवर करावा. मार्गशीर्षात भरलेला खड्डा फाल्गुनअखेर काळसर, भुसभुशीत आणि पावसाच्या मातीसारखा वास येणारा होतो. कच्चे शेण थेट वाफ्यात टाकू नये. त्याने हुमणी येते आणि त्यातले जिवाणू कच्च्या खायच्या भाज्यांपर्यंत पोहोचू शकतात. टाकायचेच असेल तर काढणीच्या तीन-चार महिने आधी.

कात्री कुठे चालवावी

साफसफाईच्या भरात सगळीच झाडे छाटून टाकण्याचा मोह होतो. मोगऱ्याला थंडीत पाणी तोडून छाटणी दिली तर मार्चपासून फुले येतात. कढीपत्त्याची वाढ थंडीत मंदावलेली असते. त्याचे शेंडे छाटले तर उन्हाळ्यात भरगच्च फुटवा येतो. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या खुडून बी ठेवावे. शेवगा मात्र या दिवसांत तोडू नये. त्याला जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा असतो आणि मार्च-एप्रिलमध्ये शेंगा. त्याची छाटणी शेंगा निघाल्यावर.

रिकाम्या वाफ्यांत भेंडी, गवार, दोडका, काकडी, भोपळा यांची तयारी आताच करावी. यांना ऊब लागते. कडाक्याच्या थंडीत बी जमिनीतच कुजते. म्हणून दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत माती-खत भरून, उन्हाच्या कोपऱ्यात रोपे करावीत आणि जानेवारीअखेर रात्रीची थंडी कमी झाली की लावावीत. वेलाशेजारी गळका, न रंगवलेला जुना माठ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवला तर पाणी पाझरत थेट मुळांशी जाते. माठावर झाकण मात्र हवेच. भांडी घासलेले पाणी अळू आणि केळीला द्यावे. कच्च्या खायच्या मुळा-गाजराला नको.

गाडग्यातले बी

घेवडा, पावटा, अंबाडी, भोपळा यांचे बी धरायचे दिवस हेच. बियाणेशास्त्रातला एक ढोबळ नियम सांगतो की बियातला ओलावा एक टक्क्याने कमी झाला की त्याचे आयुष्य दुप्पट होते. म्हणून बी सावलीत वाळवायचे, दाताखाली कट्‌कन मोडले की राखेत मिसळून गाडग्यात बंद करायचे, ही रीत शास्त्राला धरून आहे. राखेची खरी जागा वाफ्यात नसून या गाडग्यात आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरगुती पद्धतीनेच गावठी वाणांचे बी जपले आणि त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. सात-आठ उगवल्या तर बी चांगले.

पाल्याखाली काय आहे, ते पाहून

पाला ठेवायचा म्हणजे साप-विंचवाला घर द्यायचे का, ही शंका रास्त आहे. आच्छादन वाफ्यांवर असावे, घराच्या भिंतीला लागून नसावे. लाकडे, विटा, पत्रे यांचे ढीग मात्र हलवावेतच. घोणसीचा मीलनकाळ हिवाळ्यात येतो, त्यामुळे थंडीत साप नसतात हा समज धोक्याचा. ढीग हलवताना पायात बूट आणि हातात दंताळे असावे. उघडा हात घालू नये. साप चावल्यास आवळून बांधणे, कापणे, चोखणे टाळून रुग्णाला तातडीने सरकारी रुग्णालयात न्यावे. विंचवाच्या दंशालाही उपचार आहेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यासाठी प्राझोसिनचा वापर जगापुढे ठेवला.

मातीत धनुर्वाताच्या जिवाणूंची बीजे वर्षानुवर्षे टिकतात. खुरप्याची जखम साबणाने धुऊन लसीची मात्रा बाकी आहे का, हे आरोग्य केंद्रात विचारावे. गाजर गवत फुलण्याआधीच, हातात पिशवी घालून उपटावे. १९५०च्या दशकात पुण्यात आढळलेले हे तण आज सर्वत्र पसरले आहे आणि त्वचेच्या व श्वासाच्या तक्रारींचे कारण बनले आहे.

डेंग्यूचा प्रश्न पावसाळ्यापुरता वाटतो. पण एडिस डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून, कोरडी असतानाही कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी पडले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून फुटके माठ, टायर, करवंट्या थंडीतच काढाव्यात आणि पाण्याची पिंपे आठवड्यातून एकदा आतून घासून कोरडी करावीत. नुसते पाणी ओतून भागत नाही.

शेवटी ताटात काय पडते

एवढा खटाटोप कशासाठी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दोन हजार किलोकॅलरीच्या आहारात रोज ४०० ग्रॅम भाज्या सुचवते. भाजी महागते आणि परस सुकते त्या एप्रिल-मे महिन्यांत अनेक घरांत भाकरीसोबत चटणी किंवा पिठलेच उरते, आणि घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भाजी सर्वांत कमी येते. माठ, तांदुळजा, राजगिरा या पालेभाज्या थोड्या ओलीवर उन्हाळ्यातही येतात. शेवग्याचा पाला तर घरचाच. त्यातले लोह अंगी लागावे म्हणून भाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा टाळावा.

या जिल्ह्यातल्या बायकांना हे नवे नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या भागात काम सुरू केलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने महिलांना घरच्या एक एकरात आधी खाण्याची पिके घेण्यास उभे केले. त्या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. एक एकराचे तत्त्व चार हातांच्या परसालाही लागू पडते. जमीन झाकलेली ठेवायची आणि आधी घरचे ताट भरायचे.

पाडव्याला गुढीसाठी कडुनिंबाचा डहाळा तोडायला परसात गेल्यावर पाल्याचा थर हाताने नव्हे, काठीने जरा बाजूला करून पाहावा. खालची माती गार आणि काळी लागली, तर मे महिन्यातल्या माठाच्या भाजीची सोय झाली असे समजायला हरकत नाही.