सेल्फ मारला, अन् गाडी गप्प!

आखाजीला माहेरी जावं, आठ-पंधरा दिवसांनी परत यावं, अंगणातल्या गाडीवरची धूळ झटकून किल्ली फिरवावी, तर आतून नुसतं ‘कट्-कट्-कट्’! ओट्यावरून शेजारच्या काकू विचारतात, ‘‘काय व्हयनं?’’ मग गल्लीतल्या दोन पोरांना बोलावून धक्का मारायचा, कशीबशी गाडी गॅरेजपर्यंत न्यायची आणि तिथलं ठरलेलं वाक्य ऐकायचं, ‘‘ताई, बॅटरी गेली. नवी टाका.’’ चार-पाच हजार रुपये जातात. अन् महिन्याभरात नवी बॅटरीही तशीच उतरून बसते!

मैत्रिणींनो, बॅटरी उतरणं वेगळं आणि बॅटरी संपणं वेगळं. दिवसाआड नळ येणाऱ्या आपल्या गावांत सकाळी टाकी रिकामी दिसली, तर आपण लगेच नवी टाकी आणतो का? आधी बघतो, नळ आला होता का, कुठली तोटी ठिबकतेय का, की टाकीलाच तडा गेलाय. बॅटरीचंही अगदी हेच आहे. तिला भरणारा असतो डायनॅमो, म्हणजे अल्टरनेटर. तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. तो भरत नसेल किंवा गाडी बंद असताना कुठेतरी वीज गळत असेल, तर बिचाऱ्या बॅटरीचा काय दोष?

हे ओळखायला तीन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि घरातले सेल तपासायलाही उपयोगी पडतो. त्याची चकती डीसी २० व्होल्टवर ठेवायची. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी सुरू करण्याआधी बॉनेट उघडायचं. मीटरची लाल तार बॅटरीच्या अधिक खुणेवर, काळी तार वजा खुणेवर. १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी समजा. मग घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकड्यावर नजर ठेवायची. भरलेली बॅटरी असूनही आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरीत दम उरलेला नाही. आता इंजिन चालू राहू द्या. आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. तो साडेबारालाच अडकून राहिला, तर चार्जिंग होत नाही. पट्टा ढिला असेल, नाहीतर डायनॅमोचं काम निघालंय. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा इंजिन चालू झाल्यावरही विझत नसेल, तर तोही हेच सांगत असतो. (काही नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटरच कमी-जास्त करतो. तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नका.)

एक मात्र कुणालाही करू देऊ नका. काही जुने मिस्त्री इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून डायनॅमो तपासतात. पूर्वीच्या गाड्यांना ते चालून जायचं. आजच्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर असतो, आणि तार काढताच व्होल्टेज उसळून तो जळू शकतो. त्याचा खर्च बॅटरीच्या कितीतरी पट! मीटर असताना हे धाडस कशाला?

आता गळतीकडे येऊ. खरा चोर बहुतेक इथेच सापडतो. गाडी बंद असतानाही घड्याळ आणि सेंट्रल लॉक थोडी वीज खातातच. ५० मिलिअँपिअरपर्यंत असेल तर काळजी नाही. लहान गाडीची बॅटरी ३५ एएचची धरली, तर तेवढ्या खर्चाने ती रिकामी व्हायला महिना लागतो. पण गळती अर्ध्या अँपिअरची असली, तर तीच बॅटरी तीन दिवसांत संपते, आणि सेल्फला दगा तर दुसऱ्याच दिवशी मिळतो. डिकीचा एक छोटा दिवा जळत राहिला तरी जवळपास एवढंच होतं. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, जीपीएस, रिव्हर्स कॅमेरा, ब्रेकच्या दिव्याचं अडकलेलं बटण, कधी खुद्द डायनॅमोतला बिघडलेला डायोड, असे एकेक चोर निघतात. माझा पहिला संशय नेहमी घरी आणल्यावर बसवलेल्या वस्तूंवर जातो. दुकानदार घाईत तार कुठेही जोडून मोकळा होतो.

गळती मोजायला वजा टर्मिनलची तार सोडवून मीटर मध्ये जोडावा लागतो. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण शेजारी उभं राहून. मीटर जोडल्यावर सेल्फ मारायचा नाही, मीटर जळतो. नव्या गाड्यांत लॉक केल्यावर अर्धा तास थांबायला सांगा, कारण आतल्या यंत्रणा झोपायला तेवढा वेळ घेतात. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा झपकन उतरेल, चोर त्याच वायरवर!

कधी कधी मामला याहून सोपा असतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली की बॅटरी भरलेली असूनही सेल्फ फिरत नाही. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं पुसा, घट्ट बसवून वरून थोडं व्हॅसलीन लावा. तारा काढताना आधी वजा, लावताना वजा शेवटी. बॅटरीतून ज्वलनशील वायू निघतो आणि आत अॅसिड असतं, त्यामुळे जवळ काडी-उदबत्ती नको, आणि हाताच्या बांगड्या काढून ठेवा.

आपल्या खान्देशातल्या हवेचाही यात मोठा वाटा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो. त्या उष्णतेने बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या शिशाच्या पट्ट्या झिजतात. पण बॅटरी तेव्हा बोलत नाही. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला कडाका पडतो, इंजिनचं ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो, आणि नेमकं तेव्हाच ती मान टाकते. दोष थंडीला मिळतो, करणी उन्हाळ्याची! म्हणून झाकणं उघडता येणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर पंधरवड्याला पाण्याची पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटरच घाला. आपलं बोअरचं क्षारयुक्त पाणी नकोच. गाडी सावलीत लावता आली तर उत्तम. आणि घर ते शाळा, शाळा ते भाजीबाजार एवढ्याच फेऱ्या असतील, त्यात एसी नि दिवे चालू, तर बॅटरी पूर्ण भरतच नाही. पारोळा-एरंडोलमार्गे धुळे-जळगाव अशी नव्वदेक किलोमीटरची एखादी फेरी झाली, तर तिला बरं वाटतं.

एवढं सगळं तपासूनही बॅटरीच संपलेली निघाली, तर नवी घेताना तिच्यावरचा बनवल्याचा महिना-वर्ष बघा आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्या. जुनी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा होण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. आतल्या शिशाला किंमत असते, म्हणून दुकानदार ती घेऊन नवीच्या किमतीतून पैसे वजा करतो. ती रक्कम बिलावर लिहून घ्या.