कासवांच्या गावात, काकूंच्या घरात

वीकएण्डला कुठे? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर साधारण ठरलेलं असतं. लोणावळा, अलिबाग, नाहीतर सरळ शिर्डी. शुक्रवारी रात्रीच्या बसने निघायचं, शनिवारी दर्शन, रविवारी दुपारपर्यंत घरी. राहायची सोय ही त्या अख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात बिनचेहऱ्याची गोष्ट. बसमधून उतरलात की ‘रूम पाहिजे का, रूम?’ करत माणसं मागे लागतात. (शिर्डीत त्यांना ‘पॉलिशवाले’ म्हणतात!) मग गरम पाणी, टीव्ही, लिफ्ट आणि चेकआउटची वेळ. संस्थानच्या भक्तनिवासात जागा मिळाली तर नशीब. रात्री ज्या लॉजवर झोपलो त्याचं नाव सोमवारी ऑफिसात आठवत नाही, आणि आठवायची गरजही नसते.

गंमत म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हीच शिर्डी एक लहानसं खेडं होती. बाहेरगावच्या माणसाला पाठ टेकायला धड जागा नव्हती. म्हणून १९०८ मध्ये साठेवाडा उभा राहिला आणि १९११ मध्ये दीक्षितवाडा. फक्त दोन वाडे! पुढे पाहुणे वाढत गेले आणि गावाचं शहर झालं. २००९ मध्ये रेल्वे स्टेशन आलं, २०१७ मध्ये विमानतळ. पाहुणे एखाद्या गावाचं काय करू शकतात, हे बघायचं असेल तर शिर्डीत एक चक्कर मारावी.

हे सगळं आठवायचं कारण वेळास. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्याच्या टोकाला, सावित्रीच्या खाडीपलीकडे, समुद्राच्या कुशीत बसलेलं गाव. नाना फडणवीसांचं स्मारक इथे आहे, जवळच बाणकोटचा किल्ला आहे. पण लोक इथे येतात ते कासवांसाठी. आणि राहतात ते लोकांच्या घरात.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या एका पट्ट्याचं नावच ‘वाइल्ड कोस्ट’ आहे. पाठीवर सॅक टाकून फिरणारी जगभरातली मंडळी तिथे गावातल्या साध्या, घरगुती लॉजवर उतरतात. त्याबद्दल वाचून ‘वॉव, आपल्याकडे असं काही नाही यार’ म्हणणाऱ्यांनी आधी वेळासला जावं. इथे ‘लॉज’ हा शब्द कोणी वापरत नाही. ‘राहण्या-जेवणाची घरगुती सोय’ एवढंच. त्या ‘घरगुती’ शब्दाचा अर्थ मात्र शब्दशः घ्यायचा. माडा-पोफळीच्या वाडीतून पाखाडी उतरायची, सारवलेल्या अंगणात चपला काढायच्या आणि ओटीवर सॅक टेकवायची. ग्रुप मोठा असेल तर माजघरात ओळीने गाद्या पडतात. शेजारच्या गादीवर पुण्याची आयटीवाली मंडळी, पलीकडे ठाण्याचं चौकोनी कुटुंब. दोन घरांतली अनोळखी पोरं रात्री नऊ वाजता एकत्र पत्ते कुटत बसली आहेत, असं दृश्य तुमच्या थ्री-स्टार हॉटेलात बघितलंय कधी?

बाथरूम कॉमन. ‘पाणी तापलंय, कोण जातंय?’ अशी हाक आली की नंबर लावायचा. मोबाइलची रेंज मनात येईल तेव्हा येते. एसी नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांनी येऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फेब्रुवारीत पहाटे पांघरूण ओढून घ्यावं लागतं, एसी कसला?

जेवणाबद्दल मात्र जरा निवांत बोलायला हवं. मेन्यूकार्ड नाही. काकू जे रांधतील ते. बहुतेक घरांतलं जेवण शाकाहारी, त्यामुळे ‘कोकण म्हणजे फिश’ हे समीकरण इथे बाजूला ठेवा. सकाळी घावणे किंवा पोहे, दुपारी भात, आमटी, कुळथाचं पिठलं, सीझन असेल तर कोवळ्या फणसाची भाजी, वर सोलकढी. आणि उकडीचे मोदक! एकावर थांबलात तर काकू मनाला लावून घेतात. ताट संपायच्या आत पुढचा वाढा पडतो. डाएटवाल्यांनी आपली तत्त्वं मंडणगडलाच सोडून यावीत.

आता कासवं. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावर येतात, वाळूत दीड-एक फूट खोल खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि समुद्रात निघून जातात. पिल्लांचं तोंडही बघत नाहीत. पूर्वी ही अंडी खणून नेली जायची, खायला आणि विकायला. उरलेल्यांवर कोल्हे-कुत्रे ताव मारायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कासवाला संरक्षण होतं, पण किनाऱ्यावर कायदा राखायला रात्री कोण उभं राहणार? २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने इथे काम सुरू केलं. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच तरुणांना हाताशी धरलं. हे कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात. वाळूतल्या पावलांच्या मागावरून घरटं शोधायचं, अंडी अलगद काढायची, कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरायची. मग सुमारे पन्नास दिवस वाट बघायची.

पण नुसत्या प्रेमाने गाव किती दिवस राखण करणार? २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि इथेच खरी आयडिया आहे. पिल्लं बघायला शहरातून माणसं येणार, ती गावातल्या घरांत राहणार, पैसे थेट त्या घराच्या हातात पडणार. ज्या अंड्यांची किंमत काल ताटातल्या घासाएवढी होती, ती आज घराच्या वर्षाच्या हिशेबात जाऊन बसली. पुढे गाव आणि वनविभागाने हे काम चालू ठेवलं.

हा हिशेब किती नाजूक आहे, ते २०२० ने दाखवलं. मार्चमध्ये, ऐन सीझनला लॉकडाउन लागला. पाहुणे बंद. त्यातून सावरायच्या आत, ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि हा सगळा पट्टा झोडपून गेलं. छपरं उडाली, आंबा, माड, पोफळी आडव्या झाल्या. माड लावला की नारळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. तोपर्यंत त्या घराने खायचं काय? माजघरातल्या त्या चार गाद्यांकडे मग वेगळ्या नजरेनं बघावं लागतं.

आणि दुसरी बाजू आपली, म्हणजे पाहुण्यांची. किनारा असा रानटी, काळोखा राहिलाय म्हणून मादी तिथे येते. पिल्लं वाळूतून बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने चालतात. निसर्गात तो उजेड समुद्राचा असतो. दिवे लागलेले असतील तर पिल्लं उलटी, जमिनीकडे चालू लागतात. उद्या या किनाऱ्यालगत सी-व्ह्यू बाल्कन्या आणि हॅलोजन आले तर रूम्स वाढतील आणि कासवं कमी होतील. म्हणजे ज्याच्यासाठी आलो तेच घालवायची ताकद आपल्याच हातात. शिर्डीचा देव गावाचं शहर झालं तरी जागचा हलला नाही. कासवाचं तसं नाही. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत थेट आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली! एवढं पोहू शकणाऱ्या बाईला दुसरा किनारा शोधायला कितीसा वेळ लागणार? वेळासची सोय अजून घरात आहे, किनाऱ्यावर नाही. ती तशीच राहावी असं वाटत असेल तर गेल्यावर ‘सी-फेसिंग रूम नाही का?’ हा प्रश्न विचारू नका.

पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सोडतात, सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. वाळूवर दोरी बांधलेली असते, तिच्या अलीकडे उभं राहायचं. फ्लॅश नाही, हात लावणं नाही, आरडाओरडा नाही. तळहातापेक्षा लहान ते जीव पहिल्या लाटेने मागे फेकले जातात, पुन्हा निघतात, पुन्हा फेकले जातात. शंभर माणसं उभी असतात आणि चकार शब्द निघत नाही. कधी कधी एकही पिल्लू बाहेर येत नाही. तेव्हा चिडायचं नाही, घरी जाऊन चहा प्यायचा. जमलं तर दोन रात्री राहा. चार वेळा किनाऱ्यावर जायला मिळतं.

मुंबई किंवा पुण्याहून माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड करत वेळास गाठता येतं. पुण्याहून ताम्हिणीचा रस्ता जास्त देखणा. शिर्डी-नगरकडच्यांनाही पुण्यावरूनच यावं लागेल. मंडणगडहून एसटी आहे, पण वेळ विचारून निघा. हरिहरेश्वरला असाल तर बागमांडल्याहून गाडीसकट फेरीबोटीत चढा आणि वेसवीला उतरा. घर मात्र आधी फोन करून ठरवा आणि किती माणसं जेवायला, ते नक्की सांगा. तांदळाची पिठी त्या हिशेबाने मळली जाते.