नाव विसरलेला भाचा
वंशशोध : लेखांक ४

वॉरिकशरमधल्या विल्मकोट गावचा शेतकरी रॉबर्ट आर्डन आजारी होता, म्हणून २४ नोव्हेंबर १५५६ रोजी त्याने आपले मृत्युपत्र लिहवून घेतले. आत्मा देवाच्या, मेरीमातेच्या आणि समस्त संतांच्या स्वाधीन केला. राणी मेरी ट्यूडर गादीवर होती, त्यामुळे भाषा कॅथलिक वळणाची. मग तो जमिनीकडे वळला. त्याला मुलगा नव्हता, मुली मात्र आठ. विल्मकोटमधली 'अ‍ॅझबीज' नावाची जमीन उभ्या पिकासकट सगळ्यांत धाकट्या मेरीला मिळाली. दुसरी बायको अ‍ॅग्नेसला ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स मिळायचे होते, पण एका अटीवर: सावत्र मुलगी अ‍ॅलिस हिला विल्मकोटच्या जमिनीतला अर्धा वाटा तिने बिनतक्रार उपभोगू द्यायचा. नाहीतर रक्कम निम्मी.

या एका अटीतून घरातले वातावरण कळते. मुली सावत्र आहेत, बापाला आपल्या माघारी काय होईल याची धास्ती आहे, आणि व्यवहाराची जबाबदारी त्याने बायकोवर न सोपवता अ‍ॅलिस आणि मेरी या दोघींना एक्झिक्युटर नेमले आहे. ही मेरी पुढे जॉन शेक्सपिअरची बायको झाली आणि १५६४ मध्ये विल्यमची आई.

मागच्या लेखांकात पॅरिशच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदवह्या पाहिल्या. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा असला, तरी विल्यमच्या गावची, म्हणजे स्ट्रॅटफर्डची, वही सुरू होते १५५८ पासून. त्याआधी जन्मलेल्यांचे आईबाप शोधायचे तर वही उपयोगाची नाही. तिथे मृत्युपत्र हाच मुख्य आधार. फक्त एक गोष्ट पहिल्यापासून ध्यानात ठेवावी: मृत्युपत्र म्हणजे घरातल्या माणसांची यादी नव्हे. ज्याला काही द्यायचे, त्याचेच नाव त्यात येते. थोरल्या मुलाला जमीन आधीच मिळालेली असेल, तर बापाच्या मृत्युपत्रात तो नसतोही. लग्नात वाटा घेऊन गेलेल्या मुलीचेही तसेच. म्हणून एका माणसाचे मृत्युपत्र सुटे वाचू नये. त्यातल्या रिकाम्या जागा दुसऱ्या कुणाच्या तरी मृत्युपत्राने भरायच्या असतात.

हे कागद टिकले ते चर्चमुळे. १८५८ पर्यंत इंग्लंडमध्ये प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कायदेशीर मान्यता, देणे हे मुख्यतः चर्चच्या न्यायालयांचे काम होते. साध्या गावकऱ्याचे मृत्युपत्र आर्चडीकनच्या किंवा बिशपच्या न्यायालयात जाई. आर्डनचे वुस्टरला गेले. मालमत्ता एकाहून अधिक बिशपांच्या हद्दीत पसरली असेल आणि तिथे तिची किंमत किमान ५ पौंड भरत असेल, तर प्रकरण आर्चबिशपकडे जाई. कँटरबरीच्या आर्चबिशपचे 'प्रेरोगेटिव्ह कोर्ट' या सगळ्यात मोठे. १३८४ ते १८५८ या काळातली तिथली दहा लाखांहून अधिक मृत्युपत्रे लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत. परदेशात किंवा समुद्रावर मेलेल्या आणि इंग्लंडात मालमत्ता असलेल्या माणसाचे मृत्युपत्रही इथेच येई. त्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत सुरतेला किंवा मुंबईला मरण आलेल्या इंग्रजाचा माग काढतानाही याच दप्तरात शिरावे लागते. सगळ्याच जिल्ह्यांचे नशीब असे नाही. एक्झिटरच्या प्रोबेट कचेरीतले दप्तर मे १९४२ मधल्या जर्मन बाँबहल्ल्यात जळाले, आणि डेव्हनमधली घराणी शोधणारे अजून त्या आगीला शिव्या देतात.

शिवाय मृत्युपत्र सगळेच करत नसत. गरिबाकडे देण्यासारखे काही नसे, आणि विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवाचून मृत्युपत्र करता येत नसे. विल्यमचे आजोबा मानले जाणारे स्निटरफील्डचे रिचर्ड शेक्सपिअर मृत्युपत्र न करताच गेले. पण तिथेही दप्तर हात देते. मृत्युपत्र नसेल तर न्यायालय जवळच्या नातेवाइकाला मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार देई. फेब्रुवारी १५६१ मध्ये तो मिळाला रिचर्डच्या मुलाला, जॉनला. मालमत्तेची किंमत भरली ३८ पौंड १७ शिलिंग. आर्डनची निघाली होती ७७ पौंड ११ शिलिंग १० पेन्स, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्यात रिचर्ड हा आर्डनच्याच स्निटरफील्डमधल्या जमिनीवरचा कूळ. कुळाच्या मुलाने जमीनमालकाची लाडकी लेक करून आणली, हे कुठल्या चरित्रकाराच्या कल्पनेतून आलेले नाही. जमिनीच्या आणि प्रोबेटच्या कागदांवरून ते उघड दिसते.

आता सुनेचे माहेर. विल्यमची बायको अ‍ॅन हॅथवे. थडग्यावरच्या मजकुराप्रमाणे १६२३ मध्ये ती ६७ वर्षांची होऊन वारली, म्हणजे जन्म १५५६ च्या आसपास. पुन्हा तेच, नोंदवही सुरू होण्याआधीचा. तिचे वडील मानले जाणाऱ्या शॉटरीच्या रिचर्ड हॅथवेने सप्टेंबर १५८१ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात मुलींची नावे आहेत, पण अ‍ॅन नाही. आहे ती अ‍ॅग्नेस. तिला लग्नाच्या दिवशी ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स द्यायचे होते. त्या काळी अ‍ॅग्नेसचा उच्चार 'अ‍ॅनिस' होई आणि अ‍ॅन-अ‍ॅग्नेस ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी लिहिली जात. पण नुसत्या उच्चारावर वंशावळ उभी करणे हा घाईचा कारभार झाला. पुरावा हवा.

तो याच मृत्युपत्राच्या कडेकडेच्या माणसांत सापडतो. हॅथवेने देखरेखीसाठी नेमलेल्यांपैकी एक होता शेजारचा शेतकरी फुल्क सँडेल्स. नोव्हेंबर १५८२ मध्ये विल्यम आणि अ‍ॅनच्या लग्नासाठी वुस्टरच्या बिशपकडे ४० पौंडांचा हमीरोखा लिहून देणाऱ्या दोघांत हाच सँडेल्स आहे. दुसरा धागा अधिक गमतीचा. हॅथवेने आपली देणी नोंदवली आहेत. त्यांत त्याचा मेंढपाळ टॉमस व्हिटिंग्टन याचे ४ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स आहेत. वीस वर्षांनी, १६०१ मध्ये, या व्हिटिंग्टननेही मृत्युपत्र केले आणि स्ट्रॅटफर्डच्या गरिबांना ४० शिलिंग ठेवले. ही रक्कम कुठे होती? विल्यम शेक्सपिअरची बायको अ‍ॅन हिच्याकडे, येणे म्हणून. हॅथवेच्या घरचा म्हातारा मेंढपाळ आपले पैसे शेक्सपिअरच्या बायकोकडून येणे आहेत म्हणतो, तेव्हा शॉटरीची अ‍ॅग्नेस आणि स्ट्रॅटफर्डची अ‍ॅन एकच असल्याबद्दल फारशी शंका उरत नाही. वंशावळ जुळवणाऱ्याने नोकर, शेजारी, साक्षीदार, सावकार यांची नावे आधी उतरवून घ्यावीत ती यासाठी. वारसांच्या नावांवर सगळ्यांची नजर जातेच.

खुद्द विल्यमचे मृत्युपत्र तीन पानी, २५ मार्च १६१६ चे. वकील फ्रान्सिस कॉलिन्सने त्याचा मसुदा केला असे मानले जाते. त्यात आधी 'जानेवारी' होते, ते खोडून 'मार्च' केले आहे. मधल्या काळात, १० फेब्रुवारीला, धाकटी मुलगी ज्युडिथ हिचे टॉमस क्विनीशी लग्न झाले, आणि हे जावईबापू दुसऱ्या एका स्त्रीच्या प्रकरणात चर्चच्या न्यायालयापुढे उभे राहायच्या बेतात होते. पहिल्या पानावर 'जावई' असा शब्द लिहून खोडला आहे आणि वर 'मुलगी ज्युडिथ' घातले आहे. तिच्या वाटणीचे १५० पौंड तर असे बांधून ठेवले, की नवऱ्याने तेवढ्याच किमतीची जमीन तिच्या नावे केल्याशिवाय त्याला मुदलाला हात लावता येऊ नये. बायकोला ठेवलेल्या दुय्यम पलंगावर लोकांनी पुस्तकेच्या पुस्तके लिहिली आहेत. वंशशोधकाच्या दृष्टीने तिथली खरी अडचण वेगळीच आहे: त्या ओळीत बायकोचे नावच नाही. नवऱ्याच्या मृत्युपत्रात निनावी असलेली ही बाई नावानिशी भेटते ती मेंढपाळाच्या मृत्युपत्रात.

नातेवाचक शब्दही सांभाळून घ्यावे लागतात. विल्यम ज्या 'नीस' एलिझाबेथ हॉलला चांदीची भांडी देतो, ती त्याची थोरली मुलगी सुझना हिची मुलगी, म्हणजे सख्खी नात.

बहीण जोन हार्ट हिला २० पौंड, भावाचे कपडे आणि हेन्ली स्ट्रीटवरच्या घरात वर्षाला नाममात्र १२ पेन्स भाड्याने तहहयात राहण्याचा हक्क मिळाला. तिच्या तीन मुलांना प्रत्येकी ५ पौंड. विल्यम हार्ट, मग कोरी जागा, मग मायकेल हार्ट. मधल्या भाच्याचे नाव कुणालाच आठवले नसावे, आणि नंतर ते भरायचेही राहून गेले. नोंदवही सांगते की तो टॉमस, बाप्तिस्मा १६०५ मध्ये.

मोठी मालमत्ता विल्यमने सुझनाला आणि तिच्यानंतर तिच्या मुलग्यांना मिळावी अशी तजवीज केली. पहिला मुलगा, दुसरा, तिसरा, असे मोजत तो सातव्यापर्यंत गेला. सुझनाला मुलगा झालाच नाही. ज्युडिथला तीन झाले. एक तान्हेपणीच गेला, उरलेले दोघे १६३९ मध्ये, ऐन तारुण्यात. राहिली नात एलिझाबेथ. तिची दोन लग्ने झाली, पण मूल नाही. नॉर्दम्प्टनशरमधल्या अ‍ॅबिंग्टन इथे तिने मृत्युपत्र केले. त्यावर साल १६६९ आहे, महिना जानेवारी. इथे नवखे हमखास फसतात. १७५२ पर्यंत इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून हा जानेवारी आपल्या हिशेबाने १६७० चा. त्याच फेब्रुवारीत ती वारली आणि विल्यमचा थेट वंश संपला.

या मृत्युपत्रात हेन्ली स्ट्रीटची घरे तिने दिली आहेत टॉमस हार्टला, आणि त्याला संतान नसेल तर त्याचा भाऊ जॉर्जला. हे दोघे टॉमस हार्टचे मुलगे, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे १६१६ च्या कागदावर ज्याच्या नावापुरती मोकळी जागा सोडली होती, त्याच भाच्याची मुले चौपन्न वर्षांनी घराची मालक झाली. १६१६ चे मृत्युपत्र सुटे वाचणाऱ्याला टॉमसचे नावही कळले नसते. घर हार्ट कुटुंबाकडे राहिले ते १८०६ मध्ये विकेपर्यंत. १८४७ मध्ये ते लिलावात निघाले आणि सार्वजनिक वर्गणीतून ३,००० पौंडांना विकत घेतले गेले. आज पर्यटक तिकीट काढून पाहतात ते हेच जन्मघर.

कँटरबरीच्या न्यायालयातली मृत्युपत्रे आता नॅशनल अर्काइव्हजच्या संकेतस्थळावर नावानिशी शोधता येतात. सराव करायचा असेल तर अनोळखी घराण्यापासून सुरुवात करू नये. नाती आधीच सिद्ध झालेल्या घराण्याची तीन-चार मृत्युपत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. त्या काळची लिपी पहिल्यांदा वाचताना डोळे दमतील, पण ठरावीक मजकुराचा साचा दोन-तीन कागदांत ओळखीचा होतो. पुढच्या लेखांकात मृत्युपत्रासोबत येणाऱ्या मालमत्तेच्या याद्या पाहू. रॉबर्ट आर्डनच्या भिंतींवर रंगवलेले पडदे टांगलेले होते, हे आपल्याला त्याच्या यादीवरूनच कळले आहे.