आडनावाच्या आधी गाव

वंशावळीचे कोणतेही संकेतस्थळ उघडा, पहिला रकाना आडनावाचा असतो. आपण उत्साहाने आडनाव टाकतो, हजारभर नावे समोर येतात आणि त्यांतले आपले एकही नसते. घराण्याचा शोध घेऊ पाहणारी कितीतरी मराठी माणसे इथेच थांबतात. मला त्याचे वाईट वाटते, कारण कागद असतात आणि अनेकदा ते घरबसल्या दिसूही शकतात. वाट मात्र दुसरीकडून आहे.

आपल्या जुन्या महसुली कागदांत माणूस आडनावाने सापडेलच असे नाही. तिथे तो 'रामा बिन बाळू', म्हणजे बाळूचा मुलगा रामा, असा असतो. त्याची बायको 'सखू कोम रामा' असते. शिवाय पाटील, कुलकर्णी, देशमुख ही आडनावे वतनांवरून पडलेली. एका भावाच्या शाखेने वतनाचे नाव लावले, दुसऱ्याच्या शाखेने जुने उपनाव ठेवले, असे सर्रास झाले. म्हणून आडनाव बाजूला ठेवून आधी गाव धरावे, मग जमिनीचा नंबर, आणि शेवटी माणूस व त्याचा बाप.

गाव धरायचे म्हणजे त्याचा जिल्हाही त्या काळातला धरायचा. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १९८१ साली झाले, लातूर १९८२ साली, पालघर २०१४ साली. मालवणच्या माणसाचे १९४०चे कागद रत्नागिरीच्या नावावर निघतात, सावंतवाडीच्या माणसाचे संस्थानच्या दप्तरात. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तिथे मोडीच्या जोडीला उर्दू आणि फारसीही येते. ज्या गावांत १९४७च्या कायद्यानुसार एकत्रीकरण झाले, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या सातबारावरचा गट नंबर घेऊन १९२०चा कागद शोधला तर भलत्याच कुटुंबाचे शेत हाती लागते. आधी एकत्रीकरणाच्या पत्रकावरून जुना नंबर काढावा लागतो.

एवढी तयारी झाली की महाराष्ट्र शासनाचे 'आपले अभिलेख' हे संकेतस्थळ उघडावे. जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार आणि नंबर दिला की स्कॅन केलेले जुने सातबारे आणि फेरफार पाहता येतात. सगळीकडचे सगळे कागद अजून तिथे चढलेले नाहीत. जे नाहीत त्यांच्यासाठी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो.

घराण्याच्या शोधात मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो वारसाचा फेरफार. मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, आणि खातेदार वारला की त्याच्या वारसांची नोंद फेरफाराच्या वहीत होऊ लागली. नोंद साधारण अशी असते: 'रामा बिन बाळू मयत, वारस मुलगे गणू व तुका, अज्ञान, अ. पा. क. आई सखू कोम रामा.' अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. एका ओळीत तीन पिढ्या आल्या. त्याहून महत्त्वाचे असे की मुले अज्ञान आहेत, म्हणजे नोंदीच्या तारखेआधीच्या अठरा वर्षांतच त्यांचे जन्म झालेले. जिथे जन्माचा दाखला नाही तिथे जन्मसालाचा असा अंदाज बांधता येतो. दुसऱ्या एखाद्या फेरफारात थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' दिसते. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे धाकट्या भावांची नावे शोधायला बाकी आहेत.

या नोंदीत रामाच्या मुली कुठे आहेत? बहुधा नाहीतच. १९५६चा हिंदू वारसा कायदा येईपर्यंत मुलगे असताना मुलींची नावे सहसा लागत नसत. त्यानंतर ती येऊ लागली, आणि मग हक्कसोडपत्रे आली. भावांसाठी हिस्सा सोडून देणाऱ्या बहिणींची सासरची नावे आणि गावे या कागदांत मिळतात. ज्या कागदाने तिचा वाटा गेला त्याच कागदावर तिचा पत्ता टिकावा, हे मला फार लागते. पण वंशावळीत मुलींच्या शाखा जोडायच्या तर हा कागद टाळून चालत नाही.

मोडीची भिंत मात्र खरी आहे. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ साली जागा मिळाली. २०२५ साली रुरकीच्या आयआयटीने मोडी पानांच्या २,०४३ प्रतिमा देवनागरी लिप्यंतरासह अभ्यासकांसाठी तयार केल्याचे जाहीर झाले. यंत्राने मोडी वाचण्याची ही चांगली सुरुवात आहे. तरीही घाईत लिहिलेल्या तलाठी मोडीसाठी आज जाणत्या वाचकालाच गाठावे, किंवा स्वतः शिकावे. दोन-चार महिने चिकाटीने बसले तर नावे, आकडे आणि 'मयत', 'वारस', 'बिन' हे ठरलेले शब्द वाचता येऊ लागतात, आणि फेरफाराला बहुतेक तेवढे पुरते. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून जुनी दप्तरे बाहेर निघाली आणि मोडी वाचकांना कधी नव्हे इतकी मागणी आली. अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवलेल्या त्या नोंदी घराण्याच्या अभ्यासालाही उपयोगी आहेत.

छापील कुलवृत्तांतांची परंपरा प्रामुख्याने कोकणस्थ आणि काही मोजक्या समाजांची. त्यांतले काही ग्रंथ इंटरनेट आर्काइव्हवर वाचता येतात. ज्यांच्या घराण्याचे पुस्तक कोणी छापले नाही, त्यांच्यासाठी वतनाची पत्रके, शाळेचे जनरल रजिस्टर आणि गावचे कोतवाल बुक हीच साधने. जमीन नसलेल्या कुटुंबाचा माग पुष्कळदा शाळेच्या रजिस्टरातच लागतो. पुस्तक आणि सरकारी नोंद यांत तफावत पडली तर मी त्या वेळी झालेल्या नोंदीला जास्त वजन देते, पण दोन्ही लिहून ठेवते.

परदेशी साधनांत 'फॅमिलीसर्च' फुकट आहे. ते चालवणाऱ्या संस्थेचे मूळ १८९४ साली युटात स्थापन झालेल्या वंशावळ मंडळात आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रे तिथे आहेत. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्येही यजमानांच्या अशाच नामावळ्या राखतात. तिथे मात्र स्वतः जाऊन, गाव आणि आडनाव सांगून वही उघडून घ्यावी.

जमवलेली माहिती 'ग्रॅम्प्स'सारख्या मोफत प्रणालीत आपल्याच संगणकावर ठेवावी. गेडकॉम या प्रकारच्या फाइलीत ती दुसऱ्या प्रणालीतही नेता येते. सामायिक वंशवृक्षांच्या संकेतस्थळांवर कोणीतरी जोडलेला पूर्वज कागद पाहिल्याशिवाय उचलू नये. दोन गणू बिन रामा एका तालुक्यात सहज असतात. हयात माणसांच्या जन्मतारखा तर उघड्यावर टाकूच नयेत.

यंदा दिवाळीला घरी माणसे जमतील. ट्रंकेतले उतारे काढा, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. आजी, आत्या, मावशी बोलत असतील तर फोनवर त्यांचे बोलणे नोंदवून ठेवा. त्यांना त्यांच्या आईचे माहेर कोणते, हे आवर्जून विचारा. ते बहुतेक कोणत्याच सरकारी कागदावर नसते.