चाकणचा बाजार आणि हिशोबाची पट्टी

चाकण हे नाव आपल्या जिंतूर तालुक्यात आता कोणास नवे राहिलेले नाही. चारठाणा व आसपासच्या गावांतील कितीतरी तरुण पुण्याजवळच्या या गावी कारखान्यांत कामास लागले आहेत, आणि सणावाराला ते घरी परतले म्हणजे पाळी, पगार व खोलीचे भाडे यांच्या गोष्टी आपल्या कानी पडतात. त्यामुळे चाकण म्हणजे मोटारींचे कारखाने, एवढीच कल्पना आपल्या मनात रुजली आहे. परंतु कारखान्याचा भोंगा तेथे वाजू लागण्याच्या फार पूर्वीपासून चाकण हे बाजाराचे गाव आहे, आणि आजही ते बाजाराचे गाव आहे. हा बाजार पाहण्याचा योग मला नुकताच आला. त्यात जे पाहिले व जे शिकलो, ते शेतकऱ्यांच्या मुलांना व त्यांच्या आईवडिलांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

आपल्या बाजूने चाकणास जावयाचे म्हणजे मंठा, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, शिरूर असा रात्रभराचा प्रवास होतो. रांजणगाव मागे पडले की शिक्रापूर येते. तेथे पुण्याचा रस्ता सोडून उजवीकडे वळावे, म्हणजे वाहन थेट चाकणच्या चौकात येऊन उभे राहते. याच चौकात पुणे ते नाशिक हा हमरस्ता व तळेगाव ते शिक्रापूर हा आडवा रस्ता एकमेकांस छेदतात. पुणे येथून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. शनिवारी सकाळी मी तेथे उतरलो तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी मला नेण्यास आला होता. तीन वर्षांपासून तो तेथील एका कारखान्यात आहे. चौकातील वाहनांची दाटी पाहून मी थबकलो, तेव्हा तो म्हणाला, "सर, आज बाजारचा दिवस आहे. रस्ता असाच तुंबणार." मी विचारले, "मग बाजार तू पाहिला असशीलच?" तो म्हणाला, "बाहेरून पाहिला. आत कधी गेलो नाही. आपले तेथे काय काम?" या उत्तराने मला पुष्कळ विचार करावयास लावले.

प्रथम आम्ही किल्ल्याकडे गेलो. संग्रामदुर्ग हा लहानसा भुईकोट गावातच आहे. इ. स. १६६० मध्ये शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेने त्यास वेढा घातला असता फिरंगोजी नरसाळा याने मूठभर लोकांनिशी तो सुमारे दोन महिने लढविला. अखेर मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडविला, तेव्हाच तो त्यांच्या हाती गेला. एवढ्याशा कोटासाठी एवढी मोठी फौज का खपावी? याचे उत्तर त्या चौकातच आहे. जुन्नरकडून पुण्याकडे व देशावरून घाटाकडे जाणाऱ्या वाटा या भागात मिळतात. जो वाटा राखतो, तो मुलूख राखतो. आणि जेथे वाटा मिळतात तेथेच माल थांबतो, माणसे थांबतात व बाजार भरतो. आपल्या चारठाण्यातील कोरीव स्तंभ, जुनी देवळे व बारव आपण रोज पाहतो. एवढे बांधकाम जेथे उभे राहिले, तेथेही एके काळी माणसांची व मालाची मोठी वर्दळ असलीच पाहिजे. गावाचे भाग्य वाटेबरोबर येते, असे या दोन्ही गावांकडे पाहून वाटते.

आता बाजाराकडे वळू. खेड तालुक्याचे मुख्य गाव राजगुरुनगर होय. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचे ते जन्मस्थान. तेथील कृषी उत्पन्न बाजार समितीचा चाकण येथील बाजार 'महात्मा फुले बाजार' या नावाने ओळखला जातो. कांदा व बटाटा हा त्याचा मुख्य माल. शनिवारी जनावरांचाही बाजार भरतो. आवारात शिरताच पहिला नमस्कार डोळ्यांस नव्हे, नाकास होतो. कांद्याचा उग्र वास, ओल्या मातीचा वास व बारदानाचा वास यांचे मिश्रण तेथे भरून राहिलेले असते. गाळ्यांपुढे गोण्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. एका शेतकऱ्याचा एका प्रतीचा जो माल एकत्र मांडतात त्यास 'वक्कल' म्हणतात. कांदा मोठा, मध्यम व लहान असा निवडून त्याच्या वेगवेगळ्या वकला लावलेल्या असतात. अगदी बारीक कांद्यास 'गोल्टी' हे नाव आहे.

लिलाव सुरू झाला म्हणजे अडत्या, त्याचा कारकून व दहापाच व्यापारी यांचा घोळका एका वकलेपासून दुसरीकडे सरकत जातो. व्यापारी गोणीतून कांदा काढतो, दाबून पाहतो, मान ओली आहे की वाळलेली ते पाहतो, एखादा कापूनही पाहतो. मग बोली होते. पुकार चढत जातो व थांबतो, आणि कारकून भाव टिपून घेतो. चार महिन्यांच्या कष्टाचे मोल ठरावयास एक मिनिटही लागत नाही! शेतकरी बाजूस उभा असतो. त्याचे लक्ष कांद्याकडे नसते, व्यापाऱ्याच्या तोंडाकडे असते. तो चेहरा परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्या मुलासारखा मला दिसला.

हा उघड लिलाव आपणांस साधी गोष्ट वाटेल, पण ती सहज मिळालेली नाही. पूर्वी हातावर रुमाल किंवा उपरणे टाकून त्याखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत अनेक बाजारांत होती. जनावरांच्या बाजारांत ती पुष्कळ काळ टिकली. बोटांची भाषा दलालास व गिऱ्हाइकास कळे. ज्याचा माल, तो मात्र शेजारी उभा राहूनही अंधारात असे. वजनातून 'कडता' कापला जाई, धर्मादाय कापला जाई, नमुना म्हणून मूठमूठ माल जाई. या गोष्टींस आळा घालण्यासाठी वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला. आपला परभणी जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता तेथे १९३० साली, व मुंबई इलाख्यात १९३९ साली शेतमालाच्या बाजारांचे कायदे झाले. पुढे १९६३ साली महाराष्ट्राचा कायदा झाला, आणि आजच्या बाजार समित्या त्याच कायद्यातून आल्या आहेत. शेर, पायली व मण जाऊन १९५८ सालापासून किलो व क्विंटल येऊ लागले, त्यामुळे गावोगावच्या वेगळ्या मापांचा घोळही मिटला. भाव सर्वांच्या कानांवर पडावा व वजन सर्वांच्या डोळ्यांसमोर व्हावे, एवढ्या साध्या न्यायासाठी इतके कायदे करावे लागले, हे विसरू नये.

लिलावानंतर माल हलतो तो हमालांच्या पाठीवरून. पन्नास किलोची गोणी उचलून मालमोटारीच्या फळीवर चढणारा माणूस दिवसाकाठी किती भार वाहत असेल याचे गणित तुम्हीच करून पाहा. या कष्टकऱ्यांसही न्याय मागावा लागला. डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगार संघटित केले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. पुण्यामुंबईच्या घरांत जी भाजी शिजते, तिला अशा अनेक हातांचा स्पर्श झालेला असतो. शहरापाशी वसलेले बाजाराचे गाव म्हणजे शहराचे कोठारच होय. शहर मात्र कोठाराकडे क्वचित पाहते.

येथवर आम्ही पाहत होतो. आता शिकण्याचा भाग आला. एका वृद्ध शेतकऱ्याच्या हाती अडत्याने हिशोबाची पट्टी दिली. त्याने ती घडी करून खिशात ठेवली व पैसे मोजले. मी नम्रपणे विचारले, "बाबा, पट्टी वाचली नाही?" ते हसून म्हणाले, "वाचून काय? पैसे आले ते खरे." माझ्याबरोबरचा तरुण हळूच म्हणाला, "सर, आमचे अण्णाही असेच म्हणतात."

मित्रहो, ही पट्टी म्हणजे काय ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका शेतकऱ्याने पन्नास किलोच्या २० गोण्या, म्हणजे १० क्विंटल कांदा आणला. त्यातील ६ क्विंटल उत्तम मालास क्विंटलला १,५०० रुपये भाव मिळाला, ३ क्विंटल मध्यम मालास १,१०० व १ क्विंटल गोल्टीस ५०० रुपये मिळाले. अनुक्रमे ९,०००, ३,३०० व ५०० मिळून एकूण १२,८०० रुपये झाले. सरासरी भाव १,२८० पडला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'कांदा १,५००' असे वाचून शेजारी म्हणतो, "तुला तर पंधराशे मिळाले!" ते खरे नव्हे. आता समजा गाडीभाडे १,८०० व हमाली, तोलाई मिळून ३०० रुपये गेले. हाती १०,७०० आले, म्हणजे किलोला १० रुपये ७० पैसे. यातून बी, खत, औषध, मजुरी व बारदान वजा जावयाचे आहे. जे उरेल ती खरी मिळकत. पट्टीवर प्रत्येक वकलेचे वजन, भाव व प्रत्येक कपात लिहिलेली असते. कोणती कपात नियमाची व कोणती नव्हे, हे ज्यास ठाऊक तोच प्रश्न विचारू शकतो. उदाहरणार्थ, २०१६ साली आपल्या राज्यात फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. हे ज्यास माहीत नाही, त्याच्या पट्टीत अडत लावली गेली तरी तो गप्पच बसेल.

भाव का चढतो व का पडतो, हेही समजून घ्यावे. खरिपाचा कांदा पाणीदार असतो. तो फार दिवस ठेवता येत नाही, म्हणून काढला की विकावाच लागतो. उन्हाळी कांदा हवेशीर चाळीत काही महिने टिकतो. ज्याच्याकडे चाळ आहे तो थांबू शकतो, नाही त्यास त्याच दिवशीचा भाव घ्यावा लागतो. शिवाय भाव केवळ आवारातच ठरतो असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये खुली झाली. दिल्लीतील एका आदेशाचा परिणाम असा गावच्या ढिगापर्यंत येऊन पोहोचतो. यास्तव शेतकऱ्याच्या मुलाने वर्तमानपत्र केवळ गमतीखातर न वाचता घरच्या कामासाठीही वाचावे.

या बाजारास महात्मा फुले यांचे नाव आहे, ते मला फार अर्थपूर्ण वाटले. जोतीराव फुले यांचे शिक्षण पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. पुढे त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३ साली पूर्ण केला, व शेतकरी नाडला जातो त्याच्या मुळाशी विद्येचा अभाव आहे, हे त्यांनी कळकळीने दाखविले. ज्याने हे सांगितले त्याच्याच नावाच्या आवारात आजही पट्टी न वाचता खिशात जावी, ही गोष्ट मनास लागते. आमच्यासारख्या शिक्षकांनी तर ती आपल्याच कमतरतेची खूण समजावी. आम्ही वर्गात नफातोट्याची शेकडो गणिते सोडवून घेतो, परंतु त्यांत शेतकऱ्याची पट्टी किती वेळा आणतो?

चाकणच्या शिवारात आज दुसराही बदल चालू आहे. १९९९ मध्ये बजाज कंपनीचा कारखाना येथे सुरू झाला. २००९ च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज यांसारख्या परदेशी मोटार कंपन्याही आल्या. जेथे पूर्वी पिके होती तेथे आता कुंपणे व गोदामे आहेत. यास सर्वस्वी वाईट म्हणणे योग्य नव्हे, कारण आपल्या कित्येक घरांची चूल तेथील पगारावर पेटते. परंतु जो तरुण गाव सोडतो, त्याने तो हिशोब करून सोडावा, कंटाळून सोडू नये, असे मला वाटते.

परतताना मी त्या विद्यार्थ्यास विचारले, "तू शेती का सोडलीस?" तो म्हणाला, "सर, शेतीत काही उरत नाही." "किती उरत नाही?" या माझ्या दुसऱ्या प्रश्नावर तो गप्प झाला. त्यांच्या घरी कापूस होतो, सोयाबीन होते, तूर होते. कोणत्या पिकात काय गेले व काय आले, हे घरात कोणी कधी मांडलेच नव्हते. संध्याकाळी त्याने वडिलांस दूरध्वनी केला व मागच्या वर्षांच्या पट्ट्या आहेत का असे विचारले. वडील म्हणाले, "पत्र्याच्या डब्यात सगळ्या ठेवल्या आहेत. कोणी कधी मागितल्या नाहीत." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग मला म्हणाला, "सर, दिवाळीला घरी गेलो की डबा उघडतो."

असाच एखादा डबा तुमच्याही घरी असेल. येत्या बाजाराच्या दिवशी वडील परतले म्हणजे त्यांच्याजवळून पट्टी मागून घ्या, त्यांच्याशेजारी बसून ती मोठ्याने वाचा, आणि एका वहीत पीकवार खर्च व उत्पन्न लिहू लागा. पालकांसही माझी विनंती आहे की, मुलांनी प्रश्न विचारल्यास रागावू नये. पुढे मूल शेतावर राहो की चाकणास जावो, जो निर्णय घ्यावयाचा तो या वहीकडे पाहून घेता येईल.