नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, सारखीच राहते. परंतु तिचे खरे वैशिष्ट्य या दर्शनी सममितीत नसून, एक हा अंक नऊ वेळा लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा ती वर्ग आहे, यात आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’तील स्थाननामांप्रमाणे तिचा पहिला १ ‘मध्य’ या स्थानी, म्हणजे परार्धाच्या एकच पायरी अलीकडे येतो.

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिकवणारे आणि ६१७४ या स्थिरांकामुळे जगभर ओळखले जाणारे गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. डेम्लो हे जी.आय.पी. रेल्वेवरील स्थानकाचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे नाव होते; तेव्हा दादरला कल्याणची गाडी पकडणारा प्रवासी अंकगणितात नाव कोरले गेलेल्या एका स्थानकातून जात असतो. डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात, आणि डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली की मधल्या भागातला अंकच मिळतो, जसे ४७७७३ मध्ये ४ + ३ = ७. आपल्या संख्येत मधला ९ वगळून १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज केली, तर ९९९९९९९९ असे आठ नऊच येतात.

हा आकृतिबंध का घडतो, याचे उत्तर शाळेतल्या गुणाकारातच आहे. १११११११११ ला त्याच संख्येने गुणताना तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहावी लागते. त्यामुळे उजवीकडून पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन, असे करत मधल्या स्तंभात नऊ एक जमतात आणि पुढे ते त्याच क्रमाने कमी होतात. कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा कुठेच येत नाही, आणि हातचा नसणे हेच या सौंदर्याचे मूळ आहे. दहा एक घेतले की मधल्या स्तंभात दहा होतात, हातचा डावीकडे सरकतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा, चढत्या क्रमातला आठ हरवलेला येतो.

जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. प्रस्तुत संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे, आणि १११११११११ चे मूळ अवयव ३, ३, ३७ व ३३३६६७ असल्याने तिच्या वर्गात तीन हा अवयव चार वेळा येतो, म्हणजेच ८१ ने तो भागला जातो. तेव्हा ही संख्या हर्षदही आहे.

शाळेतल्या मुलांनी हा गुणाकार चौकटीच्या वहीत, एका चौकटीत एक अंक लिहून, स्वतः मांडून पाहावा. आठ किंवा दहा अंकी साध्या गणकयंत्राच्या पडद्यावर त्याचे उत्तर मावत नाही.